घंटीला घंटी

बसा रे, वीज काही इतक्यात येत नाही. तो टॉर्च विझव बघू, डोळ्यांत उजेड येतो. उद्या पहाटे तुम्ही सायकली घेऊन वेल्ह्याला निघणार, हे तुमच्या काकूने सांगितलं मला. जा की. मघाशी अंगणात सायकली बघून आलो. गिअर काय, पाण्याच्या बाटल्या काय, सगळा थाट आहे. घंटी मात्र एकीलाही नाही. तेवढं एक शहाणपण केलंत, नकळत का होईना.

हसू नका. आमच्या केशवदादाची गोष्ट सांगतो, म्हणजे हसू आपोआप थांबेल. केशवदादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, इथेच भोरच्या शाळेत मास्तर. थाप मारायची म्हटली तरी कान लाल व्हायचे त्याचे, असला माणूस. ही हकिकत त्याने घरात एकदाच सांगितली, आणि तिचं शेपूट तर मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

साल छत्तीस. वैशाखातली संकष्टी. केशव तेव्हा एकवीस-बावीसचा होता. त्याची थोरली बहीण शुभदा वेल्ह्याला दिलेली. आमच्या काकूने, म्हणजे केशवच्या आईने, डबाभर कुरडया केल्या होत्या त्या तिला पोचवायच्या, एवढंच काम. पण केशवला नवी सायकल मिळालेली. कुरडयांचं निमित्त करून त्याने दोन दोस्तांना उठवलं. एक मानसिंग, संस्थानच्या पागेतल्या जमादाराचा मुलगा, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. त्याची सायकल भाड्याची, आणि तिची घंटी चिरलेली. वाजली की पातेल्यावर पळी आपटल्यासारखी बोदी वाजायची.

दुसरा आनंद. अंबूकाकूंचा एकुलता एक. तो पाळण्यात असतानाच काकूंचं कपाळ पांढरं झालं, आणि त्यांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. संकष्टी मायलेक दोघं करायचे. चंद्र बघून एका पंक्तीला बसून उपास सोडायचे.

निघताना काकू ओट्यावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "केशव, तू नेतोयस म्हणून सोडते हो. चंद्रोदयाला हा माझ्या शेजारच्या पाटावर हवा."

"काकू, चंद्र वर यायच्या आत तुमच्या ओट्यावर आणून उभा करतो. माझा शब्द."

शब्द द्यायला काय जातं हो त्या वयात!

पहाटेच्या गारव्यात कापूरव्होळ मागे पडलं. नसरापूरला दोघांनी चहा-भजी हाणली आणि आनंदने त्यांच्याकडे बघत खजूर चघळला. "देव बघतोय रे," म्हणत मानसिंग त्याच्या नाकासमोर भजं नाचवत होता. पुढे आंबवणे, विंझर करत तोरणा समोर उभा राहिला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत करवंदांच्या जाळीपाशी पाऊण तास गेला. शुभदाताईने पोटभर जेवायला घातलं, आनंदला वऱ्याचे तांदूळ आणि ताक दिलं, आणि कुरडयांचा डबा उघडल्यावर त्यातल्या निम्म्या चुरा झालेल्या बघून भावाला चार शब्दही सुनावले. केशव पुढे आयुष्यभर म्हणायचा, इतका सुखाचा दिवस मला परत मिळाला नाही.

परतताना विंझरच्या अलीकडे मानसिंगचा टायर फट्‌दिशी फुटला. ट्यूबला ठिगळ लावलं, सुटलं. पुन्हा लावलं. तिसरं चिकटलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

केशवने सूर्याकडे पाहिलं. डोळ्यांपुढे काकू.

"नसरापूर, कापूरव्होळ करत बसलो तर मध्यरात व्हईल," मानसिंग म्हणाला. "त्यापरीस ही खिंड चढू. पल्याड उतरलं की भाटघरच्या धरणाच्या पोटातनं जुनी वाट हाये. उन्हाळ्यात पानी हटलं की उगडी पडती. धरण व्हायच्या आदी माजा बाप त्याच वाटनं घोडी आनायचा. निम्मं अंतर."

केशव नाही म्हणाला असता. पण दिलेला शब्द मानेवर बसला होता. ढकलत ढकलत त्यांनी सायकली खिंडीत चढवल्या.

माथ्यावर एकच खोपट होतं. दारात एक म्हातारी नाचणी पाखडत होती. ठकुबाई तिचं नाव. तिने तांब्याभर पाणी दिलं, आनंदचं सुकलेलं तोंड बघून गूळ पुढे केला. त्याने उपास म्हणून हात जोडले.

"कुठं निगालाय पोरांनो?"

"भोरला, आजी. खालच्या वाटेने."

सुपातला तिचा हात थांबला.

"ह्या येळंला? ऱ्हावा की आज हितंच. सकाळी जावा."

"घरी वाट बघतात, आजी," केशव म्हणाला.

म्हातारीने सायकलींकडे पाहिलं. घंट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग येक ऐका. खाली घंटी ऐकू आली तर आपली वाजवायची न्हाई. कुनाची बी आसू द्या."

मानसिंग फिसकन हसला. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

"माजा मालक टपालाची थैली न्यायचा ह्या वाटनं. गेनबा. काठीला पितळी घंटी आसायची. त्येंचा रिवाज व्हता बगा. टप्पा आला की ह्यानं घंटी द्यायची, पल्याडच्यानं उलटून द्यायची. घंटीला घंटी मिळाली की थैली ह्याच्या खांद्यावरनं त्याच्या खांद्यावर. मिळाली न्हाई तर खाली टेकवायची न्हाई. मेला तरी न्हाई." तिने खाली बोट दाखवलं. "धरणाचं पानी पयल्यांदा चढलं त्या वर्साला, राच्च्याला पल्याडचा मानूस आलाच न्हाई. ह्यो घंटी देत गेला... देत गेला... म्या हितनं ऐकत व्हते."

तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून ती लावायची.

"वंगाळ न्हाई तो," ती म्हणाली. "दमलाय निस्ता. पन चुकून ज्यांनी घंटी दिली त्यांस्नी थैलीनं पान्यात वढून नेलं. दोगं गेलं आसं. कुनी जानून, आपल्या मनानं घेतली, तर ती त्याच्यासंगं मुकाट जाईल. पन जानून कोन घेतंय बाबा?"

आता यातली गंमत अशी, की या तिघांचाही एक नेम होता. दिवा एकट्या केशवच्या सायकलीला, कार्बाइडवर पाणी ठिबकून जळणारा. म्हणून अंधारात केशव पुढे, आनंद मध्ये, मानसिंग मागे. दर थोड्या वेळाने मागून मानसिंगने घंटी द्यायची, ती ऐकून आनंदने, मग केशवने. म्हणजे तिघंही आहेत. वळून बघायला नको, चाल मोडायला नको. महिनोन्‌महिने असंच फिरलेले. अंगठ्याला सवय झालेली.

खिंडीतून निघताना केशव म्हणाला, "आज घंटी बंद. तोंडाने हाका मारायच्या."

"घाबारला मास्तर," मानसिंग म्हणाला खरा, पण आपल्या घंटीला त्याने गुपचूप रुमाल बांधला.

खाली उतरेपर्यंत काळोख झाला.

धरणाचं पोट कधी पाहिलंय का कोरडं पडलेलं? वाळलेला गाळ, त्याला भेगा. मध्येच एखाद्या घराचं जोतं. उंबरा आहे, घर नाही. झाडांचे काळे खुंट. डाव्या हाताला एक दीपमाळ, अर्धी गाळात रुतलेली. आणि वास... चिखलाचा, माशांचा, जुन्या ओल्या कपड्यांचा. जुनी वाट मात्र पक्की. सायकली सुरेख पळत होत्या.

"मानसिंग!"

"हाय!"

"आनंद!"

"आहे रे. चक्कर येतेय जराशी. चल तू."

दीपमाळ मागे गेली. दिव्याची फुसफुस आणि चेनचा आवाज, बस.

मग मागून घंटी आली.

बोदी. पातेल्यावर पळी आपटल्यासारखी.

आणि आनंदच्या अंगठ्याने, दिवसभराच्या उपासाने थकलेल्या, पेंगुळलेल्या पोराच्या अंगठ्याने... ट्रिंग.

केशवने करकचून ब्रेक दाबला. "आनंद!"

"अरे, मानसिंगने दिली ना..."

मागून मानसिंगचा आवाज आला. मघाचा नव्हे, लहान झालेला. "म्या न्हाई दिली. माज्या घंटीला रुमाल हाये."

केशवने पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

"चला," केशव म्हणाला. "थांबू नका. चला."

निघाले. पण आनंदची सायकल आता कुरकुरू लागली. मागचं चाक दबलं होतं, डबलसीट कुणी बसावं तसं. कॅरिअर तर रिकामं.

"केशव, खांदा दुखतोय रे," आनंद म्हणाला. "डावा."

केशवने दिवा वळवला. आनंदच्या सदऱ्यावर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत कापड आत दबलेलं होतं. चार बोटं रुंद पट्टा. पट्टा दिसत नव्हता. दबलेलं कापड दिसत होतं.

डाव्या हाताला दीपमाळ आली.

मघा मागे टाकलेली. तीच.

केशवने वाट बदलली, उजवीकडे घेतली, चढाच्या दिशेने. चढ लागेचना. खुंट आले, जोतं आलं, उंबरा आला. डाव्या हाताला दीपमाळ. या वेळी ती थोडी वर होती. म्हणजे आपण खाली आलोय, हे त्याच्या ध्यानात आलं.

"उतरा," तो म्हणाला. "सायकली टाका. इथेच बसून रात्र काढू."

तो उतरला. मानसिंग उतरला. आनंद गेला पुढे.

"आनंद, उतर!"

"उतरता येत नाहीये..."

"पाय टेक!"

"पाय माझं ऐकत नाहीत, केशव."

दोघं धावले. मानसिंगने कॅरिअर धरलं. बैल अडवणारा गडी तो; फरफटत गेला आणि हात सुटला. तळव्यांना गार ओल लागली होती. आनंद वळसा घालून पुन्हा आला. पुन्हा दीपमाळ. पुन्हा उंबरा. दर वळशाला थोडा खाली. मागून मधूनच ती बोदी घंटी, घाई करणारी.

दिव्यातलं पाणी संपलं. ज्योत फुस्स झाली.

काळोख. आनंदच्या चेनचा आवाज तेवढा फिरत होता. लांब... जवळ... लांब.

मग पूर्वेकडचा डोंगर उजळला आणि चंद्र वर आला.

गाळावर चाकांच्या रेघा उठल्या होत्या. गोल. त्याच्या आत गोल. गुऱ्हाळाच्या चरकाभोवती बैल फिरावा तशा, लहान लहान होत खाली उतरत गेलेल्या. त्यांचं टोक पाण्यात होतं.

आनंदही पाण्यात होता. चाकं अर्धी बुडलेली. पायडल मारतोय. रडत नव्हता, ओरडत नव्हता. चंद्राकडे बघत होता.

"आई वाट बघत असेल रे," एवढंच म्हणाला.

केशवला काकू दिसल्या. ओट्यावर, हातात चंद्राच्या पूजेचं ताम्हन. याच चंद्राकडे बघणाऱ्या. शेजारी मांडलेला रिकामा पाट. त्याला ब्रह्मांड आठवलं. पळून जावंसंही वाटलं, हे त्याने स्वतः सांगितलंय. आणि त्याच क्षणी म्हातारीचं बोलणंही आठवलं. जानून कोन घेतंय बाबा?

पाणी आनंदच्या गुडघ्यांवर आलं.

केशवने आपली सायकल उचलली. धावत पाण्यात गेला, आनंदच्या पुढे, आणि वळून त्याच्यासमोर उभा राहिला.

आनंदच्या मागून घंटी आली. अगदी जवळून.

केशवने डोळे मिटले.

ट्रिंग.

...

काही क्षण कुठलाच आवाज नव्हता. मग आनंद सायकलीसकट आडवा कोसळला आणि मानसिंगने त्याला मानगुटीला धरून काठावर ओढला. केशव वाकला होता. डावा खांदा खाली, गुडघ्यांत मोडल्यासारखा. पण पाय त्याचे स्वतःचे होते. आणि त्याच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी सुस्कारा सोडला. लांबलचक. वर्षांनुवर्षं उभ्या असलेल्या माणसाला बसायला मिळावं तसा. त्यानंतर ती बोदी घंटी कुणीही ऐकली नाही.

पुढची वाट सरळ होती. पाव तासात चढ लागला, मग भाटघर, मग भोर.

काकू ओट्यावर होत्या. आनंदला पाहून त्यांनी आधी त्याला पोटाशी धरलं आणि मग केशवकडे वळल्या. "उशीर केलास हो. बरं, तूही बस दोन घास खायला. आणि असा वाकडा काय उभा आहेस?"

"पडलो, काकू," केशव म्हणाला. कान लाल झाले असणार. पण चांदण्यात कुणाला दिसतात!

दुसऱ्या दिवशी तो टपाल कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला. उघडल्याबरोबर आत गेला. पोस्टमास्तरांनी विचारलं, "काय आणलंय?" केशव काय सांगणार? त्याचे हात रिकामे होते. घ्यायला कुणी नाही, टेकवायला जागा नाही. तसाच परत आला.

त्या दिवसापासून त्याच्या अंगावर तो वळ होता. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, काळानिळा, चार बोटं रुंद. लेप झाले, अंगारे झाले. वळ हलला नाही. झोपताना कुशीवर वळता येईना, शाळेत फळ्यापुढे उभा राहिला की अर्ध्या तासात घामाने निथळायचा. सायकलीची घंटी त्याने काढून कपाटात टाकली. आनंदला सगळं ठाऊक होतं. दर संकष्टीला यायचा आणि म्हणायचा, "दे मला परत. माझंच होतं ते." केशव म्हणायचा, "काकू आहेत तोवर नाव काढू नकोस." आनंदने लग्नच केलं नाही. का, ते आम्हाला पुढे कळलं.

अठ्ठेचाळीस साल. अंबूकाकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. मार्गशीर्षात केशवदादाला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तरी जीव जाईना. मी वीस वर्षांचा होतो, उशाशी बसायचो. दिवसामागून दिवस चालले होते. डोळे मिटलेले, शुद्ध नाही, तोंडात पाणी ठरत नाही. छाती मात्र भात्यासारखी वरखाली. कुणी त्याला धरून ठेवलंय असं वाटायचं. आणि उजव्या हाताचा अंगठा हलत राहायचा, सारखा काहीतरी दाबल्यासारखा. माझी काकू देवापुढे बसून म्हणायची, "सोडव रे बाबा माझ्या पोराला."

संध्याकाळी आनंद आला. स्वच्छ पांढरा सदरा घातलेला. कुणाशी बोलला नाही. कपाटातून केशवदादाची घंटी काढली आणि त्याच्या अंगठ्याखाली ठेवली. खिशातून स्वतःची काढली.

"आता माझी वाट बघणारं कुणी नाही, केशव," तो म्हणाला. "दे."

केशवदादाने मान हलवली. नाही म्हणून. मी पाहिलं.

"दे रे. दमलास."

बराच वेळ अंगठा नुसता घंटीवर टेकून राहिला.

मग केशवदादाचा अंगठा दबला. ट्रिंग.

आनंदने वाजवली. ट्रिंग.

दादाने एक लांब श्वास सोडला. तो शेवटचा.

आंघोळ मी आणि मानसिंगने घातली. पाठ पुसताना मानसिंग थबकला, मला खुणेने जवळ बोलावलं. खांदा कोरा होता. कमरेपर्यंत सगळी कातडी कोरी, लहान मुलासारखी. बारा वर्षांचा वळ, नखाएवढाही कुठे नव्हता.

तिरडी उचलायची वेळ आली. मानसिंग म्हणाला, "आनंदा, हिकडनं लाग. डावा दे."

आनंद हलला नाही. मग हळूच म्हणाला, "डावा मोकळा नाही रे." आणि पलीकडे जाऊन त्याने उजवा खांदा दिला.

मी त्याच्या मागे होतो. कोरडी थंडी पडलेली, भोरात महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. आनंदच्या त्या पांढऱ्या सदऱ्यावर, डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, चार बोटं रुंद ओली पट्टी उमटली होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं, आणि घाटापर्यंत मला धरणातल्या गाळाचा वास येत राहिला.